झाडाखाली शिकारी पक्ष्याचं पिल्लू: ओळखायचं कसं, उचलायचं की नाही?

करवंद | सकाळी ८.१०

मोठ्या झाडाखाली, पायवाटेपासून चार-पाच फुटांवर एक पिल्लू बसलंय. कबुतराएवढं, किंबहुना किंचित लहानच. पाठ तपकिरी, छाती पांढरट आणि तिच्यावर तपकिरी उभे फराटे, चोच टोकाला वळलेली, डोक्यावर पांढऱ्या लवेचे दोन-तीन पुंजके. शेपटी आखूड. जवळ गेलं की पंख पसरून चोच उघडतं, पण उडत नाही. वर कावळ्यांचा गोंधळ चाललाय.

जमलेल्यांपैकी एकाच्या मते गरुड, दुसऱ्याच्या मते ससाणा, तिसऱ्याच्या मते घार. मला दोन गोष्टी हव्यात. ओळखायला नेमकं काय काय बघायचं? आणि उचलायचं, की तिथेच राहू द्यायचं? मोबाइलवरचा फोटो जोडलाय, फार स्पष्ट नाही.

टिटवी | ८.१६

ओळख नंतर. आधी सगळी माणसं तीस-चाळीस मीटर मागे घ्या आणि मोकळं कुत्रं असेल तर बांधायला सांगा. कोंडाळं असेपर्यंत आईबाप भक्ष्य घेऊन खाली उतरत नाहीत. मग "आई येतच नाही" म्हणून पिल्लू उचललं जातं. उडता न येणं हे उचलण्याचं कारण नाही, त्या वयात ते येतच नसतं.

अर्धवटराव | ८.२१

फोटो पाहिला. यती असावा. (दिवे घ्या.)

दुर्बीण | ८.४४

फोटोत छाती सोडून काही दिसत नाही, पण वर्णन चांगलं दिलंय.

हा शिकारी पक्षी आहे का, ते आधी ठरवा. चोच वळलेली आहे एवढ्यावर जाऊ नका. चोचीच्या बुडाशी, कपाळाला लागून, मेणचट दिसणाऱ्या उघड्या कातडीचा पट्टा असतो आणि नाकपुड्या त्यातच असतात. शिक्रा, घार, गरुड, ससाणा सगळ्यांना तो असतो, अगदी पिल्लालासुद्धा. मग पाय बघा. तीन बोटं पुढे, एक मागे, आणि मागच्या बोटाची नखी चांगली लांब, बाकदार. घुबडांचं बाहेरचं बोट पुढे-मागे फिरतं, त्यामुळे फांदीवर बसल्यावर बऱ्याचदा दोन पुढे, दोन मागे दिसतात.

आता वय. इथे गल्लत होते ती आकारामुळे. शिकारी पक्ष्याचं पिल्लू घरटं सोडतं तेव्हा अंगाने जवळपास आईबापाएवढं झालेलं असतं. "लहान आहे, म्हणजे मोठ्या पक्ष्याचं पिल्लू असणार" हा हिशेब म्हणूनच चुकतो. गरुडाचं पिल्लू कबुतराएवढं असतं तेव्हा त्याच्या अंगावर लवच लव असते. अंगभर पिसं आणि माप कबुतराचं, तर तो पक्षी मोठेपणीही तेवढाच राहणार. आपल्याकडे मग यादी एकदम आटोपशीर होते: शिक्रा, बेसरा, कापशी, एखादा छोटा ससाणा, आणि चेहरा चपटा असेल तर पिंगळा.

घरटं सोडायचं वय झालंय का, ते शेपटी सांगते. वाढत्या पिसाच्या बुडाशी निळसर-करडी नळी असते आणि तिच्यात रक्त खेळत असतं. शेपटीची पिसं निम्म्याहून अधिक नळीत असतील तर पिल्लू घरट्यातून वेळेआधी पडलंय. पिसं बरीचशी उलगडलीत, पण शेपटी अजून आखूड आणि डोक्यावर लव शिल्लक, तर ते घरट्याबाहेर फांद्यांवर वावरायच्या वयाचं आहे. लव सगळ्यात शेवटी डोक्यावरची जाते. करवंद, तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराकडे झुकतंय.

शेवरी | ८.५८

दुर्बीण यांनी बोटं मोजायला सांगितली, त्याला जोरदार +१. "ससाण्याचं पिल्लू" म्हणून लोक उचलून आणतात त्यात भलतेच पक्षी असतात.

पावशा सगळ्यात फसवा. मोठा पावशा शिक्र्यासारखाच दिसतो आणि त्याच्या पिल्लाच्या छातीवर शिक्र्याच्या पिल्लासारखेच तपकिरी फराटे असतात. पण चोच साधी, जेमतेम वाकलेली, बुडाशी मेणचट पट्टा नाही, नख्या किरकोळ आणि बोटं दोन पुढे, दोन मागे. शिवाय पावशा अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. अंगाने आपल्याहून मोठ्या पिल्लाला सातभाई किडे भरवताना दिसले की प्रश्नच मिटला.

दुसरी पाकोळी. जमिनीवर पडलेली काळपट, लांब कोयत्यासारख्या पंखांची. तिची चारही बोटं पुढे वळलेली असतात, म्हणून तिला फांदीवर बसता येत नाही, उभ्या भिंतीला लटकावं लागतं. ती बहुधा पिल्लू नसतेच, पूर्ण वाढलेली असते. सपाट जमिनीवरून उठायला तिला जड जातं इतकंच.

तिसरा रातवा. उघड्या जमिनीवर, पाचोळ्याच्या रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, म्हणून घुबड समजतात. चोच इवलीशी, पाय त्याहून नाजूक. तो जमिनीवरच अंडी घालतो, म्हणजे तिथे बसलाय तेच त्याचं घर. हातही लावू नये.

अर्धवटराव | ९.०२

आणि कबुतराचं पिल्लू राहिलं की! जाड लांब चोच, उघडं अंग, त्यावर पिवळे केस. "गिधाडाचं पिल्लू सापडलं" या मथळ्याखाली ठरलेलं असतं.

कोतवाल | ९.१५

टिटवी, लांबून बघत बसा हे रानात ठीक आहे. पायवाटेपासून चार फुटांवर, भटकी कुत्री फिरणाऱ्या जागी दोन तास वाट बघणं म्हणजे कुत्र्याला आमंत्रण. अशा ठिकाणी उचलावंच लागतं.

टिटवी | ९.२८

उचलायला ना नाही, घेऊन जायला आहे. जागच्या जागी वर ठेवा. त्याच झाडाची किंवा शेजारच्या झाडाची हाताला लागेल तेवढी उंच, पानांआडची, सावलीतली फांदी बघायची. पाठीमागून जायचं, डोक्यावरून कापड टाकायचं, पंख अंगाशी मिटून दोन्ही हातांत धरायचं आणि फांदीला तळपाय टेकवायचे. पाय टेकले की निरोगी पिल्लू आपोआप पकड घेतं. पकड घेतच नसेल किंवा एकच पाय धरत असेल तर तीही एक माहिती समजा, दुखापत तपासायला हवी. मग कापड काढून मागे सरकायचं.

माणसाचा हात लागला की आईबाप टाकून देतात ही समजूत खोटी आहे. ते आवाजाने आणि डोळ्यांनी पिल्लू शोधतात, वास घेत बसत नाहीत.

आणि वाट बघायची ती चिमणी-बुलबुलाच्या हिशेबाने नाही. ती दर काही मिनिटांनी चारा आणतात. शिकारी पक्ष्याच्या दोन फेऱ्यांत दोन-तीन तास सहज जातात, कारण एका सरड्यात किंवा उंदरात बराच वेळ निघतो. दिवसा शिकार करणाऱ्यांचं अंधार पडेपर्यंत बघा. घुबड असेल तर बघायची वेळच अंधार पडल्यावर सुरू होते.

कोतवाल | ९.३३

फांदीवर ठेवणं मान्य. रस्त्याला लागून असेल तर मात्र मी तेवढीही वाट बघणार नाही, आधी उचलणार. तुमचं नियमांचं पुस्तक कुत्र्यांनी वाचलेलं नसतं.

सुगरण | ९.५०

घरट्यातून खरंच वेळेआधी पडलेलं, अंगभर लव असलेलं पिल्लू असेल तर फांदी उपयोगाची नाही, ते परत पडणार. मूळ घरटं हाती लागत असेल तर त्यातच ठेवा. लागत नसेल किंवा मोडलं असेल तर पर्यायी घरटं असं करा:

टोपली किंवा पसरट घमेलं, शिक्र्याच्या मापाला एक-सव्वा फूट व्यासाचं, घारीला दोन फूट. तळाला आठ-दहा भोकं पाडायची, नाहीतर एका सरीत तळं साचतं. आत आधी बोटाएवढ्या जाडीच्या काटक्या आडव्या-उभ्या, वर बारीक डहाळ्या. नुसतं गवत, कापूस, कापड नको. पायांना पकडायला काही मिळालं नाही तर पाय बाजूला फाकत जातात आणि पिल्लाचे सांधे तसेच आखडतात. कापडाचे सुटे धागे बोटांना गुंडाळतात ते वेगळंच.

टोपली बेचक्यात बसवा आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधा. एकाच ठिकाणी बांधलेली टोपली वाऱ्यात कलते, ही सगळ्यात नेहमीची चूक. उंची किमान दहा-बारा फूट, मूळ घरट्याच्या जितकं जवळ तितकं बरं, आणि दुपारचं ऊन थेट येणार नाही अशी बाजू. पिल्लं दोन असतील तर दोघं एकत्र. आईबाप मागणीच्या आवाजावर येतात, त्यामुळे ओरडणारं एक पिल्लू दुसऱ्याचाही पत्ता सांगतं.

घारीच्या घरट्याजवळ चढणार असाल तर डोक्यावर हेल्मेट हवं. घार मागून येते आणि थेट टाळूवर मारते.

मोरपंखी | १०.०५

ऊन वाढतंय, चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल. ड्रॉपरने दोन थेंब पाणी दिलं तर?

सलाईन | १०.२७

नाही, मोरपंखी. पशुवैद्य म्हणून सांगते, यातली सगळ्यात जास्त पिल्लं मदतीनेच मरतात, आणि त्यात पहिला नंबर ड्रॉपरचा. पक्ष्याच्या जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं. चोचीत सोडलेला थेंब सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. उन्हात चोच उघडून गळा थरथरवणं हा अंग थंड करायचा त्यांचा नेहमीचा मार्ग आहे. सावली द्या, पाणी शिंपडू नका.

दूध, पाव, भात, भिजवलेली डाळ यातलं काहीही नको. कोंबडीचे नुसते मऊ तुकडेही नकोत. हाडाविना मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस भरपूर असतो. वाढत्या पिल्लाला काही दिवस तेवढ्यावरच ठेवलं की हाडं मऊ पडतात, वाकतात, मोडतात. रानात त्याला हाड-कातडीसकट उंदीर, सरडे मिळतात. आणि थंड पडलेल्या किंवा सुकलेल्या पिल्लाला तर काहीच भरवायचं नसतं, आधी ऊब, मग शरीरातलं पाणी, अन्न त्यानंतर. ते काम उपचार करणाऱ्यावर सोडा.

उचलून न्यायलाच हवं अशी लक्षणं: एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबतोय. रक्त. मान एका बाजूला. दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या. डोळे खोल गेलेले. पिसांच्या बुडाशी किंवा शेपटीखाली माश्यांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके, कारण त्यांच्या अळ्या एका दिवसात आत शिरतात. चोचीत पिवळट, पनीरसारखा थर, हा कबुतरं खाणाऱ्यांना होणारा संसर्ग असतो. आणि मांजराने तोंडात धरलं असेल तर जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवं.

घाबरू नये अशी लक्षणंही सांगते. लहान पिल्लं पायाच्या घोट्यावर, पाय पुढे टाकून बसतात. लोकांना पाय मोडल्यासारखे वाटतात, मोडलेले नसतात. छातीच्या वर, गळ्याशी एका बाजूला टेंगूळ दिसतं, ती भरलेली अन्नाची पिशवी असते आणि ती दिसली की समजा आईबाप आत्ताच भरवून गेलेत. घुबडांना ही पिशवी नसते. शीट पांढरी आणि मधे काळपट असेल तर उत्तम. नुसती गडद हिरवी असेल तर पोट रिकामं आहे.

कोतवाल | १०.४०

न्यायचंच ठरलं तर डबा कसा? लोक पोपटाचा पिंजरा घेऊन येतात.

सलाईन | १०.५२

पिंजरा नको. तारांवर आपटून शेपटी आणि पंखाची पिसं मोडतात, आणि मोडलेलं पीस पुढची पिसं झडेपर्यंत तसंच राहतं. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात पक्षी उभा राहून वळू शकेल एवढंच मोठं. भोकं खालच्या निम्म्या भागात, म्हणजे हवा मिळते आणि बाहेरचं दिसत नाही. तळाला टॉवेल. वर्तमानपत्र निसरडं असतं. झाकण बंद, आत अंधार, गाडीत गाणी बंद. अंग थंड लागलं तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको झाली तर त्याला लांब सरकता येईल. एका खोक्यात दोन पिल्लं फक्त एकाच घरट्यातली आणि एकाच मापाची असतील तरच.

हातोडा | ११.०४

पकडण्याबद्दल थोडं. लोक चोचीला घाबरतात आणि पायांकडे दुर्लक्ष करतात. हत्यार पायात आहे. जाड टॉवेल पूर्ण अंगावर टाकायचा, पिल्लू उताणं होऊन पाय वर करतं, म्हणून पाठीमागूनच. टॉवेलमधून दोन्ही मांड्या चिमटीत, बोटं मधे घालून, म्हणजे पाय एकमेकांत अडकत नाहीत.

नख्या हातात घुसल्याच तर ओढायचं नाही. पाय दुमडलेला असताना बोटांचे स्नायुबंध आपोआप आवळले जातात आणि ओढाल तितकी पकड घट्ट होते. पाय हलके सरळ करा, पकड ढिली पडते. मग मागच्या बोटाची नखी आधी सोडवा, पुढच्या नंतर.

घारीच्या पिल्लाच्या पायात दोरा असेल तर हेही लक्षात ठेवा: घार घरट्यात चिंध्या, प्लास्टिक, नायलॉनची सुतळी आणून अंथरते. सुटा दोरा कापा, पण मांसात रुतलेला भाग तिथेच उपटू नका.

भटकभवानी | ११.३०

वाचनखूण साठवली. पण मूळ प्रश्न राहिला, घार की शिक्रा की काय?

दुर्बीण | १२.१५

येतो तिकडे. झाडाखाली नेहमी सापडणारी मंडळी एकेक करून.

घार. लोक शेपटीची खाच शोधतात आणि फसतात. शेपटी अर्धी वाढलेली असताना खाच नसतेच, पूर्ण वाढल्यावरही पिल्लाची खाच उथळ असते आणि शेपटी पसरली की नाहीशी होते. त्याऐवजी डोकं आणि छाती बघा: गडद तपकिरी अंगावर फिकट बदामी फराटे, पंखाच्या प्रत्येक पिसाला फिकट टोक, डोळ्यामागे काळसर डाग, डोळा गडद. तुमच्या पक्ष्यात उलटं आहे, फिकट अंगावर गडद फराटे. घार इथेच बाद. मापही जुळत नाही.

कापशी. पिल्लाच्या छातीवर आणि डोक्यावर तांबूस झाक, पाठीच्या राखाडी-तपकिरी पिसांना पांढऱ्या कडा, खांद्यावर काळा पट्टा. मोठ्यांचा लालभडक डोळा पिल्लाला नसतो, सुरुवातीला तपकिरी, मग पिवळट-नारिंगी होत जातो. छातीवर ठळक फराटे नसतात. बाद.

ससाणे. डोळा गडद, त्याखाली मिशीसारखा काळा पट्टा, वरच्या चोचीच्या कडेला एक दात. पिल्लाच्या डोळ्याभोवतीची कातडी निळसर असते, मोठेपणी पिवळी होते. इमारतीच्या कठड्याखाली सापडलं तर हा आधी तपासा.

शिक्रा. डोळा फिकट पिवळा. घशावर मधोमध एक उभी गडद रेघ. छातीवर उभे तपकिरी थेंब, कुशीकडे ते रुंद होत आडवे पडायला लागतात. मोठ्या शिक्र्याची छाती आडव्या बारीक तांबूस रेषांची असते, म्हणून चित्र बघून ओळखणारा इथे चकतो. चित्र मोठ्या पक्ष्याचं असतं.

मोठ्या गरुडांच्या पिल्लांबद्दल एकच सांगतो. सर्पगरुड आणि मोरघार यांची फिकट डोक्याची पिल्लं एकमेकांत मिसळतात. पाय बघा. सर्पगरुडाची नडगी उघडी, पिवळी, खवल्यांची. मोरघारीची बोटांपर्यंत पिसांनी झाकलेली. संपलं.

काजवा | १२.४०

घशावर रेघ म्हणजे बेसरा. शिक्र्याची इतकी ठळक नसते.

दुर्बीण | १२.५८

ठळक-फिकट हे फोटोतल्या उजेडावर ठरतं, काजवा. शिक्र्याच्या पिल्लाचीही चांगली दिसते. शेपटीवर जा. बेसऱ्याच्या शेपटीवर तीन-चार रुंद गडद पट्टे असतात आणि मधल्या फिकट जागाही तेवढ्याच रुंद. शिक्र्याच्या पिल्लाचे पट्टे बारीक आणि जास्त. पायही वेगळा: बेसऱ्याची नडगी काडीसारखी बारीक आणि मधलं बोट फारच लांब. शिक्र्याची बोटं आखूड, जाडसर.

काजवा | १३.०५

शेपटीचं मान्य, पण ती अर्धीच वाढलेली आहे. पट्टे मोजणार कसे? दाट जंगल लागून असेल तर मी बेसरा खोडणार नाही.

दुर्बीण | १३.१२

मोजू नका, रुंदी बघा. उलगडलेल्या टोकाच्या इंचभर भागातही गडद पट्टा आणि मधली जागा सारखी आहे की नाही ते कळतं. दाट जंगलाचा मुद्दा बरोबर आहे, पायवाट कुठली ते करवंदच सांगतील.

अर्धवटराव | १३.३०

अवांतर: ते पांढऱ्या पिल्लांचे व्हिडिओ फिरतात, उभे राहून डुलतात आणि फुसफुसतात, "परग्रहवासी" म्हणून. ते काय असतं?

रातपाळी | १४.१०

गव्हाणी घुबडाची पिल्लं, अर्धवटराव. तोंड अजून अर्धवट (नावाशी संबंध नाही), पांढरी लव, लांब पाय, आणि घाबरली की डोकं खाली घालून डुलतात, सापासारखा फुत्कार सोडतात. बदामाच्या आकाराचा चेहरा दिसायला लागला की शंका राहत नाही. खात्री करायची तर मधल्या बोटाची नखी बघा, तिच्या आतल्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात.

एकाच घरट्यात एक पिल्लू पिसांवर आलेलं आणि एक बोटभर, असं दिसलं की लोकांना वाटतं दोन जातींची आहेत. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवते, त्यामुळे पिल्लंही तशीच अंतराने निघतात. पाच पिल्लांत पहिल्या-शेवटच्यात दहा-बारा दिवसांचा फरक सहज. उंदीर कमी पडले तर धाकटी मरतात. बघायला वाईट वाटतं, पण सगळ्यात छोटं तेवढं उचलून आणणं हा उपाय नाही.

पोटमाळा, पडकी भिंत, छताची पोकळी रिकामी करायची असेल तर दोन महिने थांबा. पिल्लं उडायला तेवढाच वेळ लागतो. नंतर तोंड बुजवा, आत कोणी नाही याची खात्री करून.

पिंगळ्याचं पिल्लू जमिनीवर सापडलं तर वर बघा, झाडात ढोली असणार. त्याला फांदीवर ठेवलं की ते चोच, नख्या आणि पंख वापरून खोडावर चढतं. कलती फांदी टेकवून दिली तरी पुरे. घुबडाचा फोटो काढताना फ्लॅश नको.

मोरपंखी | १४.३५

आणि समजा आईबाप आलेच नाहीत, घरी वाढवून मोठं झाल्यावर सोडलं तर?

सलाईन | १५.०२

एकतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानटी पक्षी घरी ठेवणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. वनविभागाला कळवायचं, ते उपचार केंद्राकडे पाठवतात.

कायदा बाजूला ठेवला तरी पक्ष्याचं वाटोळं होतं. एकट्याने माणसाच्या हातून खाऊन वाढलेलं पिल्लू माणसालाच आपली जात समजतं. सोडल्यावर ते अन्न मागत माणसांच्या डोक्या-खांद्यावर उतरतं, आणि ज्याच्या डोक्यावर उतरतं तो काठी उचलतो. हे नंतर सुधारत नाही. केंद्रात म्हणूनच आडोशाने, चिमट्याने भरवतात आणि त्याच जातीच्या दुसऱ्या पिल्लांबरोबर ठेवतात.

टिटवी | १५.२०

ओळखीसाठी फोटो टाकणाऱ्यांनो, पाच हवेत: चेहरा बाजूने, छाती समोरून, पाठ, पाय, आणि शेपटी खालून. मापासाठी शेजारी हात धरू नका, झाडाचं पान किंवा चप्पल फोटोत आली तरी पुरे. आणि घरट्याची जागा जाहीर टाकू नका. घुबडांच्या आणि शिक्र्यांच्या चोरट्या खरेदी-विक्रीला पत्ते याच फोटोंखालून मिळतात.

करवंद | दुसऱ्या दिवशी, सकाळी ९.२५

सर्वांचे आभार. क्रमाने उत्तरं देते. बोटं तीन पुढे, एक मागे, म्हणजे पावशा बाद. चोचीच्या बुडाशी पिवळट पट्टा आहे. डोळा फिकट पिवळा. घशावर रेघ आहे. शेपटीचे पट्टे बारीक, मधली जागा त्यांच्याहून दुपटीने रुंद. बोटं आखूड. पायवाट वस्तीलगतची आहे, मोठी झाडं पण विरळ. फांदीवर ठेवल्यावर दोन्ही पायांनी पकड घेतली. संध्याकाळी गळ्याशी एका बाजूला फुगीर दिसत होतं, आज ते आणखी वरच्या फांदीवर आहे. राखाडी पाठीचा एक पक्षी सरडा घेऊन आला होता.

दुर्बीण | ९.४१

शिक्रा. राखाडी पाठ म्हणजे मोठा पक्षी. आता काजव्यालाही हरकत नसावी.

काजवा | ९.५०

या जागी नाही.

सुगरण | १०.०८

करवंद, एकच पिल्लू धरून चालू नका. शिक्रा बहुधा तीन-चार अंडी घालतो. बाकीची आसपासच्या दोन-तीन झाडांत किंवा खाली झुडपात असतील. शोधायला झाडावर नजर लावण्यापेक्षा कान लावा: सकाळी मागणीची सततची चिरचिर येते. कावळे, बुलबुल आणि खारी एकाच फांदीकडे तोंड करून कालवा करत असतील तर तिथे बघा. घरट्याखाली जमिनीवर पांढऱ्या शिटेचे शिंतोडे सापडतील, त्याच्या सरळ वर काटक्यांचं घरटं.

करवंद | १०.३०

ती चिरचिर कालपासून मागच्या झाडावरूनही येतेय! हे सगळं किती दिवस चालणार? कुत्र्यांवर लक्ष ठेवायला माणसं लावायची आहेत.

टिटवी | १०.४४

जमिनीवर सापडण्याचा धोका शेपटी पूर्ण वाढेपर्यंतच, म्हणजे आणखी आठ-दहा दिवस धरा. त्यानंतरही काही आठवडे ती आईबापांकडूनच खातात आणि त्याच झाडांत राहतात, मधे मधे किडे, सरडे पकडायला शिकतात. माणसं पहाटे आणि संध्याकाळी लावा, कुत्री तेव्हाच फिरतात. झाडाखाली उभी करू नका, वाटेच्या दोन्ही टोकांना करा. परत खाली सापडलं तर पुन्हा तसंच फांदीवर. तिसऱ्यांदा पडलं किंवा पकड घेईना, तर सलाईन यांची यादी काढा आणि वनविभागाला फोन.